बैल डाव्या अंगाला

दाखल्याची रांग हलत नव्हती म्हणून मी वर पाहिलं. नाहीतर सरकारी कचेरीत वर कोण बघतं? आपलं सगळं लक्ष खिडकीवर, आणि पुढच्या बाईने किती जणांचे कागद आणलेत त्याच्यावर. माझ्या लेकीच्या, हर्षालीच्या, कॉलेजला उत्पन्नाचा दाखला हवा होता. माझ्या नवऱ्याला, संतोषला, म्हणे सुट्टी मिळत नव्हती. खरं तर त्याला रांगेत उभं राहायचं नव्हतं, पण लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर असली शहानिशा कुणी करत बसत नाही. तर मी मान वर केली आणि खिडकीच्या वर पितळी राजमुद्रा दिसली. हातभर उंच, धुळीने काळवंडलेली, एका सिंहाच्या आयाळीत कोळ्याचं जाळं. आधी काहीच वाटलं नाही. तीन सिंह, खाली चक्र, त्याखाली सत्यमेव जयते. मग नजर आपोआप चक्राच्या शेजारी गेली, जीभ दुखऱ्या दाताकडे जाते तशी. बैल डावीकडे होता आणि घोडा उजवीकडे. असायला हवा घोडा डावीकडे, बैल उजवीकडे. शंभरातल्या नव्याण्णव माणसांना हे सांगता यायचं नाही. मला गेली तेरा वर्षं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आठ केल्या होत्या आम्ही. सात परत आल्या आणि वितळवल्या. आठवी कुठे बसवली गेली ते कुणाला कळलंच नव्हतं, ती ही इथे, माझ्या डोक्यावर. मागच्या बाईने ‘ताई, सरका की पुढं’ म्हणून कोपराने ढोसलं. मी सरकले.

तेव्हा मी नाशिकला, सातपूरमध्ये, राकेशशेठच्या कारखान्यात ड्रॉइंगचं काम करायचे. कारखाना कसला, पत्र्याची लांबट शेड; एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला माझं कॉम्प्युटरचं टेबल, आणि मधे कोंडाजीकाकांचा लाकडाचा ओटा. पितळेची ओतकामं आणि पदकं, ही आमची दोन कामं. ओतकामाला आधी लाकडाचा नमुना लागतो, तो कोंडाजीकाका कोरायचे. तो नमुना वाळूत दाबायचा, पडलेल्या खळग्यात पितळ ओतायचं. नमुना जसा तसाच माल निघतो. पदकाचं बरोब्बर उलटं. पदक ठोकायच्या पोलादी छापावर चित्र उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते पदकावर सुलटं उमटतं. म्हणून पदकांसाठी मी चित्र उलटं छापून द्यायचे आणि नमुन्यांसाठी सरळ. त्यासाठी प्रिंटच्या चौकटीत ‘मिरर’ म्हणून एक बारीकशी खूण असते, ती कधी करायची, कधी काढायची. बस्स, एवढंच. त्या वर्षी शाळांच्या पदकांचा हंगाम जोरात होता, दोन महिने मी नुसती उलटीच चित्रं छापत होते. मधेच एका ठेकेदाराने सरकारी कचेऱ्यांसाठी आठ राजमुद्रा मागितल्या. मी फाइल उघडली, मापात मोठी केली, छापली. खूण काढायची राहिली. सत्यमेव जयते त्या कागदावर असतं तर पहिल्याच अक्षराला लक्षात आलं असतं, पण अक्षरांची पट्टी आमच्याकडे वेगळी ओतली जायची. आणि सिंह काय, इकडून बघा नाहीतर तिकडून, सिंह सिंहच.

कोंडाजीकाका त्या दिवशी चपला काढून ओट्याशी बसले होते. मी हसले होते, म्हणाले होते, काका, देऊळ आहे का हे? तर म्हणाले, देवळापेक्षा जास्तच म्हणा. ते मूळचे सायखेड्याचे, सातपूरच्या एका कॉलनीत राहायचे, दर रविवारी विहारात जायचे. कागद ओट्यावर पसरून मला समजावून सांगायला लागले, आणि मी एका कानाने ऐकत होते. सिंह तीन दिसतात पण असतात चार, चार दिशांना तोंड करून. चौथा पाठीमागे असतो. खालच्या पट्टीवर चार जनावरं, मधे मधे चक्रं. हत्ती मायादेवीच्या स्वप्नातला. बैल म्हणजे वैशाख, म्हणजे बुद्धांचा जन्म. घोडा म्हणजे ज्याच्यावर बसून सिद्धार्थाने घर सोडलं तो. आणि सिंह म्हणजे सारनाथला पहिल्यांदा तोंड उघडून माणसांना धम्म सांगितला ते. चित्रात समोरून फक्त घोडा आणि बैल दिसतात. ‘म्हंजे बघा ताई,’ ते म्हणाले होते, ‘जन्म एका अंगाला आन् घर सोडणं दुसऱ्या अंगाला. मधी चाक.’ त्यांच्या विहारातल्या भन्तेजींनी सांगितलेलं सगळं. माझ्यासाठी राजमुद्रा म्हणजे मार्कशीटच्या वर असते ती आणि घरपट्टीच्या नोटिशीवर असते ती. ती दिसली की आता काय नवीन झेंगट आलं, असंच मनात यायचं. त्यात एका माणसाचा देव आणि देश दोन्ही मावलेले असू शकतात हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि मग त्यांनी विचारलं. हेच ते, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. लाकडावर कागद चिकटवायच्या आधी त्यांनी खिशातून एक नाणं काढलं, चष्मा कपाळावर चढवून ते डोळ्याशी नेलं, पुन्हा कागद बघितला आणि माझ्या टेबलाशी आले. ‘ताई, बैल ह्या अंगाला असतो का त्या?’ त्या दिवशी माझ्या टेबलावर सतरा पदकांची कामं पडली होती, घरी हर्षालीला गोवर, सासूबाई तोंड फुगवून बसलेल्या. मी मुळातच फटकळ. मी म्हणाले, काका, चित्र सरकारचं आहे, तुमच्या-माझ्या मनाचं नाही. नाण्यावर बघून कामं होतात का? कागदावर आहे तसं करा. माझं डोकं खाऊ नका, असंही म्हणाले असेन. मान वळवून बघायला दोन सेकंद लागले असते. ते ‘बरं’ म्हणाले आणि नाणं खिशात टाकून गेले. मग एकोणीस दिवस तो माणूस सागवानात ती जनावरं कोरत होता. घोड्याच्या पायांच्या शिरासुद्धा त्यांनी उठवल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, मीही केलं.

ठेकेदाराच्या गोदामात कुणी एक साहेब माल बघायला आले आणि त्यांनी बोट ठेवलं. दुपारी तीनला राकेशशेठ फोनवर बोलता बोलताच शेडमध्ये शिरले. सरकारी चिन्ह चुकवलं म्हणजे काय होऊ शकतं, कोणता कायदा लागतो, सगळं एका दमात. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ड्रॉइंग दाखव. मी फाइल उघडली. फाइल बरोबर होती, अगदी सुलटी. घोडा डावीकडे, बैल उजवीकडे. तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख पडलं. प्रिंटची चौकट. ती खूण. आणि मी काय केलं, तर पडदा शेठकडे वळवला. एक शब्द बोलले नाही. खोटं तर नाहीच बोलले. जे होतं ते दाखवलं. लाकडावर चिकटवलेला माझा कागद कोरताना केव्हाच गेला होता. शेठनी पडदा बघितला, नमुना बघितला आणि कोंडाजीकाकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. ते रागाने बघत नव्हते, तेच वाईट होतं. विचारल्यासारखं बघत होते, मला काही सांगायचं असेल तर मी सांगेन, याची वाट बघितल्यासारखं. मी कीबोर्डवरची धूळ फुंकली. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तुमच्या लोकांना तर हे चित्र झोपेत काढता यायला पाहिजे, आणि तुम्हीच त्याची वाट लावली?’ काका खालच्या आवाजात म्हणाले, ‘माझ्याच डोक्यात फिरलं असंल. छापाचं काम समजलो असंल.’ ते पटण्यासारखंही होतं, कारण छापाच्या कामात उलटंच कोरायचं असतं. सगळ्यांना पटलं. मला सोडून. दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी प्रिंटची चौकट उघडली आणि ती खूण काढून टाकली. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं.

त्यानंतर मी स्वतःला किती तऱ्हांनी समजावलं, त्याला हिशेब नाही. म्हटलं, त्यांचं वय झालंच होतं, वर्ष-दोन वर्षांत बसलेच असते घरी. म्हटलं, नोकरी गेली असती तर हर्षालीच्या शाळेचं काय झालं असतं. म्हटलं, त्यांनीच कबूल केलं, मी तर बोट दाखवलं नाही. खापर मी फोडलं नाही, फक्त त्यांचं डोकं फुटताना बघत उभी राहिले, एवढंच! मी पुढे दोन वर्षांनी ते काम सोडलं, घरीच आर्किटेक्ट लोकांचे नकाशे काढते. पण हे शहर असं की सुटका नाही. रविवार कारंजा चौकात जाताना रिक्षावाले ‘स्तंभ, स्तंभ’ ओरडतात, अशोक स्तंभाच्या चौकात रिक्षा बदलावी लागते, आणि दरवेळी माझ्या मानेवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं होतं. सुट्टे पैसे घेतले की नाणं उलटं करून पर्समध्ये टाकते. संतोष म्हणतो, तुला सवयच विचित्र. मी हो म्हणते. लग्नानंतर नवऱ्याला सगळं सांगायचं असतं असं कुठे लिहिलंय?

खिडकीतल्या बाईने दाखल्यावर शिक्का मारला. कागदावरच्या राजमुद्रेत घोडा डावीकडे होता. मी दोनदा बघितलं. मग जाता जाता शिपायाला विचारलं, ती वरची मुद्रा कधीपासून आहे हो? तो म्हणाला, इमारत झाल्यापासून आहे, का? मी म्हणाले, काही नाही. एवढी वर्षं तिच्याखाली माणसं येऊन शपथेवर सांगून गेली असतील, आमचं उत्पन्न एवढं, आमची जात ही, आमचा बाप तो, आणि एकालाही वर बघावंसं वाटलं नाही. मला त्याचा राग आला, हे नवलच. कुणीतरी ओळखायला हवं होतं. कुणीतरी ओळखून चौकशी करायला हवी होती, आणि चौकशी फिरत फिरत माझ्या दारापर्यंत यायला हवी होती. माझ्या पायांनी मी कुठे जाणार नाही हे मला चांगलं माहीत होतं.

पण गेले. घरी येऊन भाजीला फोडणी घातली आणि गॅस बंद करून जुन्या कारखान्यातल्या योगेशला फोन लावला. त्याने कोंडाजीकाकांच्या घरचा नंबर दिला, विचारलं कशाला, मी म्हणाले सहज. फोन काकांच्या सुनेने, संजनाने, घेतला. काका नातेवाइकांकडे गेले होते, म्हणून आम्ही दोघीच बोललो, आणि तिच्याकडून कळलं ते असं. काम सुटल्यावर ते सगळे गावी, सायखेड्यालाच राहायला गेले. तिथे नवीन विहार बांधलंय. गावातल्या मंडळींनी वर्गणी काढून सागवान आणलंय, दारावर सारनाथचे चार सिंह बसवायचेत, आणि ते कोंडाजीबाबांनीच करावेत असं सगळ्यांचं म्हणणं आहे. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना चांगलं दिसतं, हातही थरथरत नाही. पण वर्ष झालं, लाकूड तसंच उभं आहे. बाबा हात लावत नाहीत. ‘म्हणतात, माझ्या हातून त्या चित्राचा एकदा अपमान झालाय,’ संजना म्हणाली. ‘कोरायच्या पटाश्या पण गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकल्यात. मरायच्या आधी एवढं एक काम त्यांनी करावं असं आत्याबाईंना लय वाटतं.’ मी फोन ठेवला आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. आतापर्यंत मला वाटत होतं की मी एका माणसाची नोकरी खाल्ली. मी त्याचा हात खाल्ला होता.

म्हणून रविवारची वाट न बघता बुधवारीच एसटीत बसले. संतोषला सांगितलं, जुन्या ओळखीचे आहेत, आजारी आहेत. चांदोरीला उतरले, गोदावरीचा पूल चालत ओलांडला. वाटेत मनात वाक्यं जुळवत होते. काका, ती चूक माझी होती. नाही, आधी बसू, पाणी पिऊ, मग. काका, एक सांगायचं राहून गेलंय. राहून गेलंय! किती सोपा शब्द काढला. तेरा वर्षं रोज ठरवून न सांगितलेली गोष्ट राहून जाते होय? पुलावर मला दोनदा परत फिरावंसं वाटलं. माणूस पापाला भितो म्हणतात. मला वाटतं तो पाप सांगायला भितो, करायला नाही.

कोंडाजीकाकांनी मला लगेच ओळखलं. ‘छायाताई!’ म्हणून उठून उभे राहिले, खांद्यावर टॉवेल, केस पांढरेशुभ्र. बायकोला, धोंडाबाईंना, हाक मारून म्हणाले, आगं बघ कोण आलंय, आमच्या कारखान्यातल्या ताई. खुर्ची पुसून दिली. हर्षाली काय करते, साहेब कसे आहेत, शेठ कसे आहेत. शेठचं नाव त्यांनी इतक्या साध्या आवाजात घेतलं की मला बसवेना. संजना दाराशी गहू निवडत बसली होती. आणि मी चहा यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. जुळवलेलं एक वाक्य कामाला आलं नाही. कागदच उलटा होता काका, मी उलटा छापला, तुम्ही विचारायला आलात तेव्हा मी हाकलून दिलं, शेठ आले तेव्हा मला कळलं होतं आणि मी गप्प बसले. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. बोलता बोलता रडायला आलं, आणि त्याचीही लाज वाटली, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

काका ऐकत होते. मग हळूच हसले, लहान पोराकडे बघून हसावं तसं. ‘ताई,’ ते म्हणाले, ‘तुमचं मन लय मोठं हे. संजनानं फोनवर सांगितलं आसंल तुम्हाला, बाबा काम करत नाय म्हणून. आन् तुम्ही एवढ्या लांबून माझ्यावरचं ओझं उचलायला आल्या.’

मी म्हणाले, नाही काका, खरंच सांगते. प्रिंटची चौकट, ती खूण, सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली. कॉम्प्युटर कसा चुकंल ताई, म्हणाले, मी स्वतः पडद्यावर बघितलं ना त्या दिवशी, सुलटं होतं. आपला चष्मा तेव्हा जुना झाला होता, डोक्यात छापाचं काम बसलेलं. तेरा वर्षं त्यांनी ते मनात इतक्या वेळा फिरवलं होतं की आता त्यांना ते दिसत होतं: स्वतःचा हात, उलटा चालणारा. नाणं घेऊन विचारायला आले होते हेसुद्धा त्यांना आठवत नव्हतं. उलट माझ्यामुळे तुम्हाला शेठसमोर अवघडून उभं राहावं लागलं, माफी करा, असं म्हणून त्यांनी चक्क हात जोडले. मी ते हात धरून खाली केले. धोंडाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, आजकाल कोण येतं हो असं कुणासाठी. आणि मला खायला शिरा केला. मी तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं होतं. पण शिरा गरम होता, ती दोघं माझ्याकडे इतक्या मायेने बघत होती, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांनी कुणीतरी मला चांगली म्हणत होतं. मी तोंड मिटलं आणि शिरा खाल्ला.

संजना मला सोडायला फाट्यापर्यंत आली. आम्ही पूल ओलांडला. मग थांब्यापाशी उभं राहून म्हणाली, ‘बाबांनी नाय मानलं. मी मानलं.’ मी खाली बघितलं. ती रागावलेली नव्हती. काम कसं पुढे न्यायचं एवढाच विचार तिच्या बोलण्यात होता. म्हणाली, ‘ताई, शेठ बाबांना सगळ्यांसमोर बोलले होते ना? आन् तुम्ही घरात येऊन सांगितलं. घरात सांगितलेलं त्यांना माया वाटणार, दुसरं काय. रविवारी विहारात सगळे जमतात. तिथं उभं राहून सांगाल? गावानं मानलं तर बाबांना मानावंच लागंल. लाकूड तयार हे.’

एवढं सरळ होतं ते. मी डोळ्यांपुढे आणून बघितलं: सतरंजीवर बसलेली माणसं, त्यांच्यात सायखेड्याचे आणि सातपूरचेही, कुणाच्या तरी हातात मोबाइल, शेठचे ते शब्द मला मोठ्याने उच्चारावे लागणार, आणि तेव्हा तुम्ही काय करत होता ताई, असं कुणीतरी विचारणार. संध्याकाळपर्यंत ते योगेशच्या फोनवर, दुसऱ्या दिवशी संतोषच्या, मग हर्षालीच्या. रविवारला चार दिवस होते.

‘बघते,’ मी म्हणाले.

बघते म्हणजे काय, ते आपल्याकडे सगळ्यांनाच कळतं. संजनालाही कळलं. ती ‘बरं’ म्हणाली, तिच्या सासऱ्यांसारखंच, आवाज न चढवता. लांबून नाशिकची गाडी येताना दिसली. मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले, म्हणून तिनेच रस्त्याच्या कडेला जाऊन हात केला आणि माझ्यासाठी गाडी थांबवली.